नादाला लागलेला भाचा

‘नाद’ हा आपल्या मराठीतला मोठा फसवा शब्द आहे. देवळातल्या घंटेचा नाद, तंबोऱ्याचा नाद असे कोणी म्हटले की आपण आदराने मान डोलावतो. पण ‘अमक्यांचा मुलगा नादाला लागला’ असे कानावर आले की तीच मान आपण हळहळून हलवतो. शब्द एकच, पण एका वाक्यात तो थेट गाभाऱ्यात जाऊन बसतो आणि दुसऱ्या वाक्यात त्याला ओसरीवरही जागा मिळत नाही. माझ्या भाच्याने या दोन्ही अर्थांची एकदमच सोय लावली आहे. तो नादाला लागला आहे आणि ज्याला लागला आहे तोही नादच आहे. मिनिटाला दीडशे ठोके घालणारा, ऐकणाऱ्याच्या छातीत धडधडणारा. माझा भाचा डीजे आहे.

अक्काला तेरला दिली त्याला चाळीस वर्षे होत आली. हा तिचा शेंडेफळ. इंजिनिअरिंगची पदविका झाली, पुण्याकडे एका कारखान्यात दीड वर्ष नोकरी झाली आणि एके दिवशी बॅग घेऊन स्वारी घरी हजर! “मला गाणी करायची आहेत,” एवढेच म्हणाला. दाजींनी आठ दिवस बोलणे टाकले. अक्का बोलत राहिली, पण तिचा पोरगा काय करतो असे कोणी विचारले की ती भाजी निवडायला घ्यायची. हेही एकवेळ चालले असते. पण गेल्या फाल्गुनात तिचा फोन आला, तो काळजीचा होता.

“तू हिशेबातला माणूस,” ती म्हणाली. “एकदा येऊन जा. पोरगं पाटल्या मागायलंय.”

पाटल्या म्हणजे तिच्या सासूबाईंच्या, येणाऱ्या सुनेसाठी जपून ठेवलेल्या. त्या मोडून भाच्याला एका डीजेच्या गाडीत भागी घ्यायची होती. अक्काची अडचण दुहेरी होती. पाटल्या मोडल्या तर सुनेला घालायचे काय. आणि पोरगा डीजेच राहिला तर सून यायची कोठून? मी आयुष्यभर सरकारी कचेरीत लोकांचे हिशेब तपासले, गेल्या वर्षी निवृत्त झालो. असा दुपदरी हिशेब माझ्यापुढे कधी आला नव्हता. चैत्राच्या तोंडावर मी तेर गाठले.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. माती तुडवता तुडवता विठ्ठलाच्या नामात इतका रंगला की पायाखाली आपले पोर आले हेही ज्याला कळले नाही, तो संत गोरा कुंभार इथला. लहानपणी ही कथा ऐकताना अंगावर काटा यायचा. आता अक्काच्या ओसरीवर बसून माडीवरून येणारा ‘धप् धप् धप् धप्’ ऐकताना वाटले, या गावाला नादात भान हरपण्याची परंपरा तशी जुनीच आहे. फक्त त्या परंपरेची किंमत घरच्यांना मोजावी लागते, हेही त्याच कथेत आहे.

आता तुम्हाआम्हाला डीजे म्हटले की काय दिसते? मिरवणुकीतला ट्रक, त्यावर भिंतीसारखे रचलेले बेसचे डबे, मागे जनरेटर आणि खिडक्यांच्या थरथरणाऱ्या काचा. मराठवाड्यात तर ‘डीजे’ हे त्या गाडीचेच नाव झाले आहे. ‘डीजे आला’ म्हणजे गाडी आली. माणूस कुठला, ते कोणी विचारत नाही. पूर्वी वरातीत ब्रास बँड असे, मग बँजो आला, त्यामागून हा आला. भाच्याने मला पहिल्या दिवशी एवढे समजावले, की या धंद्यात तीन निरनिराळी माणसे असतात. एक गाडीचा मालक. दुसरा गाणी वाजवणारा: कानाला हेडफोन लावून पुढचे गाणे आधीच ऐकतो, त्याची लय चालू गाण्याच्या लयीशी जुळवतो आणि सांधा कळू न देता एकातून दुसऱ्यात जातो. तिसरा म्हणजे ते संगीत घडवणारा, ज्याला प्रोड्यूसर म्हणतात. सिनेमातला प्रोड्यूसर पैसे घालतो; हा बहुधा रात्री घालतो.

माडीवरच्या खोलीत भिंतींना अक्काच्या जुन्या गोधड्या टांगल्या होत्या. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. एक लॅपटॉप, दोन लहान स्पीकर, पेटीच्या निम्म्या आकाराचा एक कळफलक. एवढाच संसार.

“मामा, हा ठोका ऐका,” तो म्हणाला.

मी ऐकला. ‘धप्.’

“आता हा ऐका.”

पुन्हा ‘धप्.’ मला काही फरक कळला नाही. मग त्याने त्या एका ठोक्याची चिरफाड करून दाखवली. आधी वरचा बारीक ‘टक्’, त्याखाली मधला भरीव दणका आणि शेवटी मागे रेंगाळणारी घुमक. हे तीन पदर वेगवेगळे करून, कापून, तासून त्याने एकत्र बसवले होते. या एका ठोक्याला त्याला दोन दिवस लागले होते. पुन्हा ऐकवला तेव्हा मात्र पहिला पोकळ आणि दुसरा भरलेला असा फरक मलाही जाणवला. मला गोरोबांच्या घरची दुसरी कथा आठवली. संतमंडळी जमली असता मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. कुंभार मडके डोळ्यांनी नाही, कानाने पारखतो. भाचाही तेच करत होता.

हे टेक्नो संगीत म्हणजे तरी काय? आपल्या भाषेत सांगायचे तर चार मात्रांचा ठेका आणि प्रत्येक मात्रेवर ठोका. खाली-भरी नाही. मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे ठोके पडले तर टेक्नो. त्याहून जलद आणि कठीण ते हार्ड डान्स. १९९० नंतर हॉलंडमधल्या रॉटरडॅमकडे निघालेला एक प्रकार तर दीडशेच्या बराच पुढे, दोनशेपर्यंत पळतो. मग यात कौशल्य कसले? कौशल्य आहे ते थांबण्यात. मधेच ठोका काढून घेतात. नुसते सूर तरंगत राहतात, ऐकणारा अधांतरी होतो आणि नेमक्या क्षणी ठोका परत येतो. आपल्या मैफलीत गवई लांबलचक तान घेऊन समेवर येतो तेव्हा आपण ‘वा!’ म्हणतो ना, तशी त्या हजारो नाचणाऱ्यांची ती ‘वा’ असते. ती हात वर करून देतात, एवढेच.

भाच्याने आपल्या बाजूने साक्षीदार उभे केले. पहिले अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळचे तीन शाळासोबती: हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डर्सन. मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेल्या त्या शहरात या कृष्णवर्णी तरुणांनी यंत्रांवर नवे संगीत रचले. १९८८ मध्ये त्या मंडळींच्या रचनांचा संग्रह ब्रिटनमध्ये निघाला आणि ‘टेक्नो’ हे नाव जगभर झाले. मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो मात्र घरी नाही, युरोपात. पुढे जर्मनीने २०२४ मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती आपल्या देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली.

“म्हणजे आपल्याकडे वारी, तसं तिकडे हे!” भाचा म्हणाला.

मी म्हटले, “वारीत दाजी गेले होते. तुझ्या गाडीमागे जातील का?” त्यावर तो हसला.

दुसरा साक्षीदार मात्र माझ्या मनात घर करून राहिला, कारण तो मुंबईचा होता. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्यासारख्यांकडे त्यांनी वाजवले. गाण्यांवर नाव अर्थातच संगीतकाराचे. १९८२ मध्ये त्यांनी नवी जपानी यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्याची तबकडी काढली. त्यातले एक यंत्र म्हणजे रोलँड कंपनीचे टीबी-३०३. गिटार वाजवणाऱ्याला साथ मिळावी म्हणून ते बनवलेले. पण ते कोणाला फारसे रुचले नाही आणि कंपनीने लवकरच बंद केले. शिकागोच्या पोरांना ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले, त्यांनी त्याचे कान पिळून चित्रविचित्र आवाज काढले आणि १९८७ मध्ये त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार जगापुढे आला. चरणजित सिंगांच्या तबकडीत तोच आवाज पाच वर्षे आधी होता! पण तबकडी खपली नाही. ते आपले लग्नसमारंभांत आणि मैफलींत वाजवत राहिले. २०१० मध्ये हॉलंडमधल्या एका ध्वनिमुद्रिका संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपातल्या तरुणांनी तोंडात बोटे घातली. सत्तरीच्या घरात त्यांना परदेशची आमंत्रणे आली. २०१५ मध्ये ते गेले.

भाचा ही गोष्ट सांगत होता ती आशेने. मी ऐकत होतो ती हिशेबनिसाच्या कानाने. मला त्यात अठ्ठावीस वर्षांचा खड्डा दिसत होता. आणि तो खड्डा त्या गृहस्थांनी कशाने भरला? रोजच्या वाजवण्याने. त्यांना हात चालवून घर चालवता येत होते, म्हणून स्वप्न फुकट गेले तरी चूल पेटती राहिली.

रात्री जेवताना पाटल्यांचा विषय निघालाच.

“गाडी घेतली तर पाच पोरांना काम मिळंल, मामा,” भाचा म्हणाला. “ड्रायव्हर, जनरेटरवाला, डबे चढवणारी...”

हे काही वाईट बोलणे नव्हते. गावातल्या पोरांना काम हवे आहे, हे मलाही दिसत होते. पण गाडीचा धंदा म्हणजे मोसमी पाऊस. शिवजयंती, आंबेडकर जयंती, लग्नसराई, गणपती. मधले महिने गाडी ताडपत्रीखाली. शिवाय कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले. सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. पोलिसांनी सामान उचलले तर मालक गेला, आणि कर्ज मात्र राहिले. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मिरवणुकीच्या वाटेवर एखाद्या घरात हृदयविकाराचे माणूस झोपलेले असते. त्याला कसला ठेका!

“आणि तुझे कान?” मी विचारले.

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “दोन दिवस शिट्टी वाजत राहते कधी कधी.”

अक्काचा हात भाकरीवरच थांबला. हे तिला ठाऊक नव्हते.

मी त्याला साधे गणित सांगितले. ८५ डेसिबलचा आवाज माणसाने दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक ऐकू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, असा जाणकारांचा हिशेब आहे. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. आणि हा सबंध रात्र डब्यांच्या शेजारी उभा! कापसाचे बोळे त्याला पुरत नाहीत. वादकांसाठी कानात बसवायची खास बुचे मिळतात, ती लागतात. गवई गळ्याला मफलर गुंडाळतो, शिंपी डोळ्यांना जपतो. ज्याची पारखच कानात आहे त्याने कान असा उधळून कसे चालेल? एकदा गेलेले ऐकणे परत येत नाही. पाटल्या निदान पुन्हा करता येतात.

दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून एक वही माझ्यापुढे ठेवली. मला आनंद झाला. ज्या पोराकडे वही आहे ते पोर वाया गेलेले नसते, असा माझा नोकरीतला अनुभव आहे. तारीख, गाव, सुपारी, इसार, येणे असे रकाने. सुपारी हा तमाशा आणि बँडवाल्यांपासून चालत आलेला शब्द अजून टिकून आहे, हे पाहून बरे वाटले. गाडीवर वाजवायला गेला त्या सुपाऱ्यांचे आकडे मोठे होते. पण ‘येणे’ हा रकाना त्याहून लांब. वरात संपली, नवरदेव घरी गेला, पैसे राहिले. वहीच्या मागच्या पानांवर मात्र दुसरेच खाते होते. लातूर, बीड, सोलापूर, पार नांदेडकडचे डीजे त्याच्याकडून आपल्यासाठी ठेके आणि गाणी करून घेत. रकमा लहान, पण पैसे आधी. येणे जवळजवळ नाहीच.

मी बेरीज त्याच्याकडूनच करून घेतली. पुढची पाने आणि मागची पाने. मग दोघेही काही वेळ वहीकडे पाहत बसलो.

“म्हणजे गाडी नको,” तो म्हणाला.

“मी काही बोललो नाही. तुझी वही बोलली.”

एक गोष्ट मात्र मी बोललो. तो करत असलेल्या कामातले बरेचसे काम दुसऱ्यांच्या गाण्यांना नवा ठेका लावण्याचे होते. त्यात मूळ गाण्याचा हक्क दुसऱ्याचा. हक्कदाराने हरकत घेतली की गाणे उतरवावे लागते, कमाईवर दावा सांगता येत नाही. नाव व्हायला ते ठीक. पण भाड्याच्या घराला किती रंग लावायचा? स्वतःची रचना स्वतःच्या नावावर नोंदवली, तर ती लहान का होईना, जागा आपली. २०२४ मध्ये क्रेटेक्स या नावाने संगीत करणारा कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे असेच निघाले. मराठी शब्द, मराठी तोरा आणि क्लबातला ठेका; काढले कोणी, तर स्पिनिन रेकॉर्ड्स या हॉलंडच्या कंपनीने. चरणजित सिंगांना हॉलंडने अठ्ठावीस वर्षांनी ओळखले. या पोरांना ताबडतोब. काळ तेवढा सुधारला आहे म्हणायचा.

अक्काला मी सांगितले ते असे: पाटल्या पेटीतच राहू दे. पोराला तीन वर्षे दे. त्याने वही ठेवावी, कान जपावेत आणि दर वर्षी काही रचना सर्वस्वी स्वतःच्या कराव्यात. तीन वर्षांनी वहीची मागची पाने घर चालवायला पुरली नाहीत, तर पदविका कुठे पळून जात नाही. दाजी एवढा वेळ पेपरात डोके घालून बसले होते. ते म्हणाले, “त्या गोधड्यांच्या जागी काहीतरी चांगलं लाव म्हणावं. पावण्यारावण्यांत बरं दिसत न्हाई.” ती त्यांची संमती होती.

निघण्याआधी भाच्याने मला गावातले लामतुरे संग्रहालय दाखवले. तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वहीत त्याचे नाव आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, इथून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई आणि तिथून पश्चिमेला. दोन हजार वर्षांपूर्वी या गावचा माल दर्यापार जात होता! मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या आम्ही पाहत हिंडलो. मी सहज म्हणालो, “कापड गेलं, पैसे आले. पण विणणाऱ्याचं नाव कुठं राहिलंय?”

तो काही बोलला नाही.

दिवाळीच्या आधी त्याने एक नवे गाणे पाठवले. सगळे त्याचे स्वतःचे. त्यातली हलगी मला ओळखीची वाटली. गावातले एक वृद्ध हलगीवाले आबा आहेत. माडीवर आणून, हलगी शेकोटीवर तापवून त्याने त्यांचे वाजवणे टिपून घेतले होते, हे मला तेव्हाच कळले होते. या डीजे मंडळींची एक रीत असते. गाणे कोणी चोरू नये म्हणून मधेच एक जाडा आवाज करणाऱ्याचे नाव पुकारतो. अभंगाच्या शेवटच्या चरणात संतकवी आपले नाव गुंफतो, तशीच ही नाममुद्रा. मी भाच्याचे नाव ऐकायला कान टवकारले. ठोका थांबला, सूर तरंगत राहिले आणि जाडा आवाज आला. आधी त्याने आबांचे नाव घेतले, मग तेर हे गावाचे नाव आणि शेवटी भाच्याचे.

अक्काला फोन लावला. ती म्हणाली, आबांना ते तीनदा ऐकवावे लागले. गाण्याच्या पैशांतला त्यांचा वाटाही पोराने वहीत वेगळा मांडला आहे. मग आवाज जरा चढवून, शेजारणीला ऐकू जाईल असा, म्हणाली, “पोरगं गाणी करतंय आमचं!”